बुडबुड्यांची चौकशी

२० मे

विमानातली फुकटची दारू बंद! आज पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्यात. विमानात पुढं मोठ्या खुर्च्या असतात, त्याला बिझनेस क्लास म्हणतात. तिथल्या लोकांना बसल्या बसल्या एक पेला बुडबुड्यांची वाइन फुकट मिळायची. आता तीन तासांच्या आतल्या उड्डाणांत मिळणार नाही. खर्चकपात! आणि कंपनी कोणती? — झरीनची! माझी लेक ज्या विमानांत काम करते ती.

चार ओळी पाच वेळा वाचल्या. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला जिरा सोड्याऐवजी ऑरेंज दिला. त्यानं तो मुकाट्यानं पिऊनही टाकला.

२१ मे

शिवप्रसाद सर रोज चारला दुकानी येतात. शाळेत विज्ञान शिकवायचे, आता रिटायर. त्यांना विचारलं, वाइनमध्ये बुडबुडे येतात कुठून? मशीननं भरतात का, आपल्यासारखे?

"न्हाय हो गफारभाई. बाटली बंद केल्यावर आतल्या आत आंबतं. त्याचाच गॅस, तिथंच कोंडतो."

"अन् दाब किती?"

"मोटारीच्या चाकात असतो ना, त्याच्या अडीच पट तर असंल."

बत्तीस वर्षं मी या मुरूम गावात गोटी सोडा भरतोय. बाटली उघडल्याच्या आवाजावरून गॅस किती ते पाठमोरा सांगतो. आणि मला हे माहीत नव्हतं! म्हणजे सिलिंडर नाही, मशीन नाही, बाटली फिरवायची नाही. बूच उडत कसं नाही? तारेनं बांधतात म्हणे. मग विमानात, तेवढ्या वर उघडली तर जास्त फसफसत असेल का? सरांनाही सांगता येईना.

जेवताना बायकोला, सबिहाला, हे सगळं सांगत बसलो. ती म्हणाली, "इत्ती हौस है तो बेटी कू पूछो ना!" (घरात आमची दखनी. लिहायला मात्र मराठीच बरी, शाळा मराठी होती.)

झरीनला? दारूबद्दल? मी? — छे!

२२ मे

फेस जास्तच येत असणार. वर हवा पातळ.

२४ मे

इथं तरी खरं लिहावं, नाहीतर ही वही कशाला?

दोन वर्षांपूर्वी झरीनचं नोकरीचं पत्र आलं. मी खूश होतो. मुरूमची पोरगी विमानात! मग तीच बोलून गेली, की पुढच्या खुर्च्यांवर वाइन द्यावी लागते. माझं डोकं फिरलं. हातात घास होता आणि मी बोललो — ज्या हातानं शराब ओतशील त्या हातचं पाणी मला हराम! ती रडली नाही. ताट उचललं, धुतलं, आणि आठ दिवसांनी मुंबईला गेली. माझीच पोरगी. खाण तशी माती.

तेव्हापासून ती घरी आली की आमच्याकडं एक तमाशा चालतो. झरीन माठातून पेला भरते आणि ओट्यावर ठेवते. सबिहा तो उचलते, तीन पावलं चालते आणि मला देते. पाणी तेच, पेला तोच. हात तेवढा बदलतो! मला दर वेळी लाज वाटते आणि दर वेळी मी तसाच पितो. बोललेला शब्द परत कसा घ्यायचा ते मला कधी जमलंच नाही.

आता वाइनच बंद झाली तर? माझा शब्द मोडत नाही, तिची नोकरी सुटत नाही. पण तिची विमानं तीन तासांच्या आतली आहेत का? मस्कत किती लांब आहे? आणि कोलंबो?

२५ मे

सरांकडं नकाशा पाहिला. मस्कत जवळ वाटतं. पण नकाशात काय, मुरूम ते उमरगा बोटाच्या नखाएवढं आहे.

२६ मे

बाटली फुटली.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. म्हटलं, वाइनच्या बाटलीत एवढा दाब राहतो तर आपल्या बाटलीत किती राहील, बघू तरी! थोडा गॅस वाढवला. मग अजून थोडा. आवाज असा झाला की समोरचा टेलर कात्री टाकून पळाला. मशीनच्या जाळीच्या आत होती म्हणून मी वाचलो. कोपऱ्याकोपऱ्यातून काच निघतेय. सबिहा म्हणाली, "साठ बरस के हुए, अब अकल कब आनेवाली?" मी म्हणालो, त्यांची काच जाड असते, हे तर कळलं ना!

२९ मे

सरांशी भांडण.

मी त्यांना शपथेची गोष्ट सांगितली. बाहेर कुणाला पहिल्यांदाच. वाटलं, शाबासकी देतील. त्यांनी आधी सोडा संपवला. मग म्हणाले, "गफारभाई, हायवेवरच्या ढाब्याला तुमचा दोन क्रेट सोडा जातो. लोक तिथं तो कशात घालून पितात?"

मी म्हटलं, मी सोडा विकतो. पुढं कोण काय करतो ते मला काय माहीत?

"माहीत न्हाय व्हय! आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून."

मला राग आला. लई राग आला! मी त्यांना सांगितलं, उद्यापासून दुसरं दुकान बघा. मुरूममध्ये दुसरं दुकान नाही, हे दोघांनाही माहीत आहे.

ती गोष्ट वेगळी आहे. मी ओतत नाही.

३० मे

वेगळी आहे का?

सर चारला आले. मी न विचारता बाटली पुढं केली. ढाब्याची गाडी आली होती, तिला सांगितलं, सोडा संपला. खोटं नव्हतं पूर्ण. तीनच क्रेट उरले होते.

३१ मे

सबिहानं झरीनला फोन लावला. मी शेजारीच पेपर धरून बसलो होतो, उलटा. मस्कत तीन तासांच्या आत! कोलंबोही! एक जूनपासून तिच्या एकाही विमानात वाइन चढणार नाही. आणि ती बकरी ईदला येतेय. सोबत तिच्याच विमानात काम करणारी दीपाली म्हणून मुलगी आहे, तिला तुळजापूरला देवीच्या दर्शनाला जायचंय.

फोन ठेवल्यावर सबिहानं माझ्याकडं पाहिलं. मी पेपर सरळ केला. पण आत गॅस भरल्यासारखं झालंय!

३ जून

कसं करायचं याचा विचार करतोय. नुसतं "पाणी दे" म्हणायचं? फारच साधं होईल. सोडा मागेन. लहानपणी शाळेतून आली की दप्तरासकट दुकानात शिरायची आणि अंगठ्यानं गोटी दाबून मला पहिली बाटली द्यायची. सात वर्षांची असताना जमायला लागलं होतं. मोठी माणसं लाकडी दट्ट्या घेतात, ही नुसत्या अंगठ्यानं!

५ जून

आल्या. उन्हानं लाल झालेल्या दोघी. झरीन सवयीनं माठाकडं गेली, पेला भरला, ओट्यावर ठेवला. सबिहा पुढं झाली. मी म्हणालो — थांब.

सबिहानं हात मागं घेतला.

मी म्हणालो, "झरीन, चल. दुकानात. मला तहान लागलीय."

ती आली. क्रेटमधून बाटली निवडली, उजेडात धरून पाहिली — मीच शिकवलेलं — आणि अंगठा ठेवला. टॉक! गॅस बरोबर होता. बाटली माझ्या हातात दिली. मी प्यालो. डोळ्यांत पाणी आलं, ते मी सोड्यावर ढकललं. ती हसली. बाटली घेताना तिचा हात लागला. खरखरीत झालाय, बोटांना भेगा. विमानात हवा कोरडी असते असं वाचलं होतं, त्यानं होत असेल.

दोन वर्षांनी! माझा शब्दही राहिला आणि लेकही. कंपनीच्या मालकाला दुवा दिली. त्याला बिचाऱ्याला कळणारसुद्धा नाही, की वाइन वाचवताना त्यानं मुरूमच्या एका सोडावाल्याचं घर सावरलं. आज मी फार मोठा माणूस असल्यासारखा झोपणार.

७ जून

ईद मुबारक. शीरखुर्मा झरीननंच आणून दिला. दोन वाट्या.

८ जून

दीपाली दर्शन करून आली. बसला वेळ होता म्हणून दुकानात लिंबू सोडा पीत बसली. मी हौसेनं विचारलं, वर बाटली उघडली की फेस जास्त येतो का गं? म्हणाली, "लई येतो काका! पहिल्या दिवसापासून झरीनच्या वाटणीच्या बाटल्या मीच उघडल्यात. तिनं हातसुद्धा लावला नाही कधी. त्याच्या बदल्यात माझ्या वाटणीचे संडास ती धुवायची. जाताना, येताना. आता बाटली बंद, म्हणजे माझीच पंचाईत झाली ना! आता संडास निम्मे निम्मे."

झरीन मागं क्रेट लावत होती. मी वळलो. म्हणालो, दोन वर्षं! मला सांगितलं का नाहीस?

तिनं बाटली जागेवर ठेवली.

"अब्बा, तुमे पूछेच नै."