कळलं म्हणून बाहेर काढलं

मुक्काम जयपूर, डिसेंबर १९६१

ती. नागनाथमामांना हणमंताचा साष्टांग नमस्कार, आणि तुमच्या डाव्या पायाला वेगळा. मी खुशाल आहे. मामींची कंबर आणि शेजारच्या हिंदुरावांचा राग कसा आहे ते कळवावे. मामींचं पत्र पोचलं. तुमचा अंगठा काळा पडलाय, बाजाराच्या वाटेत दोनदा बसावं लागतं आणि तिथले डॉक्टर कापायचं म्हणतात, हे वाचून जेवण गेलं नाही. (नंतर गेलं, पण चव नव्हती.)

आता माझ्या कामाचं ऐका, कारण तेही पायांचंच आहे. मी झाडलोट करतो त्या इस्पितळातले आमचे उमाकांत डॉक्टर (मूळ मिरजेचे) रक्त न पोचणाऱ्या पायांना वीज देऊन बघतात. पेट्या दोन. दोन्हींना दिवा लागतो, दोन्ही गुणगुणतात, पण एकीतून वीज येते आणि दुसरीतून काहीच नाही. मला वाटलं बिघडलीय. डॉक्टर म्हणाले, मुद्दाम तशी करून घेतलीय, विजेनं गुण येतो की नुसत्या पेटीनं ते बघायचंय. कुणाला कुठली, ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. पेशंटला माहीत नाही, पेटी लावणाऱ्या डॉक्टरला माहीत नाही, आणि ज्या साहेबांना माहीत आहे ते दिल्लीत बसतात, त्यांनी एकही पाय पाहिलेला नाही! तुम्हाला यातलं काही उमगलं तर उलट टपाली कळवा.

मी एकदा खोली झाडताना दोन्ही पेट्या स्वतःच्या पोटरीला लावल्या. एकीनं काही नाही. दुसरीनं पाय असा उडाला की बादली लवंडली. झालं, मला कळलं. आणि कळल्यावर राहवतं का? सांगानेरी दरवाजाचे टांगेवाले भंवरलालजी पेटी लावून लावून व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालायला लागले होते, मिशीला पीळ देत. त्यांना म्हटलं, भैया, तुमची तर मेलेली पेटी. ते पोटरी धरून तिथंच मटकन बसले. म्हणाले, "पहले क्यों नहीं बताया?" मग जरा विचार करून, "अब क्यों बताया?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "हणमंता, ज्याला कळलं तो या खोलीत चालत नाही." मामा, शाळेतून मला काही कळत नाही म्हणून काढलं, इथं कळलं म्हणून. आता दाराशी बसून पेशंटांच्या मोजड्या सांभाळतो. (माझं बोलणं ऐकून डॉक्टरांनाही कळलंच की. मग ते बाहेर का नाहीत?)

आपला,
हणमंत

ता. क. खरं लिहायचं राहिलंच. नवी माणसं घेताहेत, मी तुमचं नाव सांगितलंय. पेटी कुठली येईल ते देव जाणे, पण कापायच्या आधी डॉक्टर पाय तरी बघतील. याच पायांनी तुम्ही मला शाळेच्या कौलांवरून उतरवून आणायचे. या. अट एकच, विडी आजपासून बंद. विडी ओढणाऱ्याला कुठल्याच पेटीनं गुण नाही म्हणतात.

आणखी एक. भंवरलालजींना मी सांगितलं, माझीच गल्लत झाली, तुमची पेटी खरी. ते उठून चालायला लागले. आता कुठली खरी ते मलाही नक्की सांगता येत नाही.

आणखी. तुमच्या फडताळातली विड्यांची बंडलं मामी चुलीत घालतील, त्याआधी येताना घेऊन या. इथल्या विडीला चव नाही.