चार पुस्तकं, चार पत्रं

१९ ऑगस्ट

प्रिय पिटुकले,

अनेक आशीर्वाद. चोपन्नाव्या वर्षी तुला पिटुकली म्हणू नये हे मला कळतं, पण दुसरं काही लिहायला पेन वळत नाही. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, मी त्याचं ऐकत नाही. तुझं पार्सल मंगळवारी पोचलं. पुस्तकांचा एकही कोपरा दुमडलेला नाही. दात भरतेस तसंच खोकं भरलंस, कुठे म्हणून फट नाही.

वर तुझी चिठ्ठी. "ताई, आईला जाऊन दोन वर्षं झाली, आता तरी बोल. चार कादंबऱ्या पाठवतेय. पूर्वीसारख्या वाच, दहापैकी गुण दे. आणि मी आईला लिहिलेली पत्रं तू जपली असशीलच. ती पाठव, मला जवळ हवीत."

तुझ्या दोन मागण्या. पहिलीचं आधी बघते. शाळेतल्या लायब्ररीवाल्या सिस्टरचा नियमच होता, आधी रिपोर्ट, मग पुढचं पुस्तक. आठवतं? लांब दांड्याचा तो लाकडी शिक्का हातात धरून ती विचारायची, "आवडलं म्हणजे काय? का आवडलं?" तू 'कारण ते चांगलं आहे' असं लिहायचीस आणि ती तुला परत पाठवायची. मग मधल्या सुट्टीत तुझा रिपोर्ट मी लिहून द्यायचे, तुझ्या तिरक्या अक्षरात. तिला कधी कळलं नाही. तुझी सही माझ्यापेक्षा सुबक कुणालाच यायची नाही, तुलासुद्धा.

असो. रिपोर्ट.

हिरव्या मुखपृष्ठाची, खुनाची. दहापैकी चार. खुनी कोण हे मला साठाव्या पानावर कळलं, कारण सगळ्यांशी गोड वागणारा तो एकटाच होता. तपास करणाऱ्या बाईचे डोळे आधी घारे आहेत आणि नंतर काळे. प्रकाशनसंस्थेत कुणी वाचत नाही का गं छापण्याआधी? आणि तीन दिवसांपूर्वीचं फरशीवरचं रक्त 'लालभडक'! एकतीस वर्षं मी लॅबमध्ये रक्तच बघितलं. तीन दिवसांनी ते सांडलेल्या चहासारखं दिसतं. शेवटी खुनी माणूस सतरा पानं कबुलीजबाब देतो. आपणहून एवढं बोलणारा माणूस पकडायला तपास अधिकारी कशाला हवा, पाणी दिलं असतं तरी पुरे होतं.

दीपगृहावरची प्रेमकथा. तीन. तेही समुद्राच्या वर्णनासाठी. दोन शहाणी माणसं एका गैरसमजापायी नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत आणि लेखिकेला ते फार सुंदर वाटतं. एक फोन केला असता तर पुस्तक चाळिसाव्या पानावर संपलं असतं.

हे वाक्य लिहून मी उठले आणि चहा टाकून आले. असू दे. खोडत नाही.

अवकाशयानाची मला मुळीच आवडणार नाही असं तुला वाटलं असेल. आठ! यानात वाटाणे लावणारी ती बाई मला फार भावली. बी रुजायला किती दिवस लागतात, पाणी जास्त झालं तर मूळ कसं कुजतं, हे त्या लेखकाला नीट माहीत आहे. ज्याला वाटाण्याचं खरं सांगता येतं त्याच्या यानावरही माझा विश्वास बसतो. आईला वाचून दाखवायला हवी होती.

आता चौथी. बक्षीस मिळालेली. मुखपृष्ठावर रिकामी खुर्ची.

शून्य.

हो, शून्य. आजवर मी कुठल्याच पुस्तकाला शून्य दिलं नव्हतं, तू एकदा पाठवलेल्या त्या घोड्यांच्या मासिकाच्या पुरवणीलासुद्धा दोन दिले होते. या कादंबरीतली थोरली मुलगी म्हाताऱ्या आईला सांभाळते आणि तिच्याशी 'सोयीचं खोटं' बोलते. मग दुरून धाकटी येते, दोन दिवस राहते, पलंगाशी बसून आईला सगळं खरं सांगते आणि निघून जाते. आणि लेखक महाराज आरती ओवाळल्यासारखे तिच्याभोवती फिरतात. केवढं धैर्य, केवढी स्वच्छ नजर! थोरलीने मागे राहून चादरी बदलल्या असतील, त्याची एक ओळ नाही.

तरी एखादे दोन गुण दिले असते. पण एकशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर, 'खरं बोलणं हीच खरी माया' या वाक्याशेजारी, तुझ्या हातची पेन्सिल आहे. 'वा! किती खरं!' दोन उद्गारचिन्हं.

पिटुकले, मी ते पुस्तक भिंतीवर फेकलं. पुस्तक मी आयुष्यात पहिल्यांदा फेकलं. कणा निखळलाय. परत पाठवणार नाही.

आता तुझी दुसरी मागणी.

आईची नजर गेली त्या वर्षी तू दर महिन्याला पत्र लिहिणार होतीस. फोनवरचा आवाज तिला उमगायचा नाही, खोलीतला उमगायचा, म्हणून हे आपणच ठरवलं होतं, तू बॅग भरत असताना. पहिलं आलं. अकरा ओळी. 'कामात आहे. तब्येतीची काळजी घे. डोळ्यांत थेंब वेळेवर घाल.' डोळ्यांत थेंब! दुसरं तीन महिन्यांनी.

मधल्या महिन्यांत आई दर दुपारी दाराकडे कान लावून बसायची. "पोस्टमन होता का गं?" मी म्हणायचे, नाही, शेजारी कुणी आलं होतं. एका दुपारी मी म्हणाले, "हो. धाकटीचं आलंय." हातात विजेचं बिल होतं. तेच उलगडलं आणि वाचायला लागले.

एकदाच करायचं होतं. पण आईची आठवण किती पक्की ते तुला माहीत आहे. पुढच्या वेळी म्हणाली, "तिच्या वरच्या मजल्यावर तो व्हायोलिन वाजवणारा म्हातारा आहे ना, बेसूर वाजवतो तो, त्याचं काय लिहिलंय?" मला कुठे आठवत होतं मी काय थाप मारली ते! म्हणून मग लिहून काढायला लागले. पत्र तिला हातात धरायलाही हवं असायचं, कागदावरून बोट फिरवायची. मी चांगला जाड कागद आणला. तुझ्या तिरक्या अक्षरात लिहायचे, जिला दिसत नाही तिच्यासाठी. म्हातारा, त्याची मांजर, दाताच्या खुर्चीत बसल्यावर गाणी म्हणणारी तुझी ती घाबरट पेशंट. कुणाचेही डोळे घारे होऊन मग काळे झाले नाहीत.

आईच्या उशाशी असायचा त्या पत्र्याच्या डब्यात एकसष्ट पत्रं आहेत. त्यातली चार तुझी.

आईला वाचून दाखवायचे त्या कादंबऱ्यांचंही तसंच. ज्या वाईट संपायच्या त्या मी संपवताना वळवायचे. शेवटचं पान आधी वाचून ठेवायचे, म्हणजे वळण घ्यायला जागा मिळायची. एकतीस वर्षं एकही रिपोर्ट मी खोटा दिला नाही. माणसं हातापाया पडली, "बाई, लिहा ना काहीतरी बरं," तरी नाही दिला. सगळं खोटं घरासाठी राखून ठेवलं होतं म्हण हवं तर.

मग तू आलीस. पाच वर्षांत एकदा, दोन दिवस.

ती दुपार मी तुला सांगते, कारण तू ती तुझ्या सोयीने वाचली असशील. आईने तुझा हात धरला आणि विचारलं, "तुझा तो व्हायोलिनवाला कसा आहे गं?" तू माझ्याकडे बघितलंस. मी काही केलं नाही, हातातली उशी तशीच धरून उभी राहिले. आणि तू म्हणालीस, "बरा आहे आई. अजून बेसूरच आहे." केवढी हसली ती! म्हणाली, "फार सुंदर लिहितेस बाळा. तुझ्या ताईला नाही जमणार असं. ती कोरडी." तू मान खाली घातलीस आणि ते कौतुक घेतलंस. सगळं. मला त्या क्षणी तुझा राग आला नाही, खरं सांगते. मला वाटलं, चला, आता आपण दोघी मिळून हे करतोय, मधल्या सुट्टीसारखं.

तासाभराने आई कुठल्याशा कादंबरीविषयी बोलत होती. म्हणाली, "बरं झालं, त्या नर्सला शेवटी घर मिळालं." आणि तू, पर्सची चेन लावता लावता, "घर कुठलं आई, ती बुडून मरते. ताईने तुला बदलून सांगितलं असणार. ताई, हे बरोबर नाही. आई काय लहान मूल आहे?"

आईने चेहरा माझ्याकडे वळवला. मग म्हणाली, "बाकी काय काय बदललंस?"

मला विचारलं होतं, पण हात तिचा डब्यावर होता. तुलाही दिसलं ते. तू म्हणालीस, "गाडी आली वाटतं."

हे मी अडीच वर्षं गिळून बसलेय. तू खरं बोललीस याचा राग नाही गं. तुला जे फुकट पडत होतं तेवढंच खरं बोललीस. नर्सला बुडवलंस आणि व्हायोलिनवाला खिशात घालून गेलीस. आणि आता तीच पत्रं मागतेस, 'मी आईला लिहिलेली.' मी काय पाठवणार होते, असं वाटलं तुला? चार? की तू तुझ्याच डोळ्यांत धूळ फेकून एकसष्टांची वाट बघत होतीस?

त्या दिवसानंतर आईने मला वाचायला सांगितलं नाही. पाच महिने. रेडिओ लावून ठेवायची, अगदी शेतमालाच्या भावांच्या बातम्यासुद्धा. मी विचारायचे, "आई, नवीन आणलंय, वाचू?" "नको, डोकं दुखतंय." मी तिला डब्यातलं खरं सांगायला हवं होतं. रोज ठरवायचे. रोज तिची वेणी घालताना शब्द अगदी दातांपर्यंत यायचे. नाही सांगितलं. तुझ्यावर एवढी आग पाखडतेय ती थोडी माझ्या वाटणीचीही आहे, हे मला कळतं.

आई जायच्या आठवड्यात मी शेवटचा प्रयत्न केला. म्हणाले, "धाकटीचं आलंय." हातात पत्र होतं, आदल्या दिवशी लिहिलेलं, दोन पानी. आईने हात पुढे केला, कागद चाचपला, घडी केली आणि मला परत दिला. म्हणाली, "वाचू नकोस. पण त्या म्हाताऱ्याला मारू नकोस हं."

'धाकटीला सांग' म्हणाली नाही. मला म्हणाली.

तेव्हापासून तो जिवंत आहे. वरच्या मजल्यावर बेसूर वाजवतोय आणि आता त्याचं ऐकायला मी एकटीच उरलेय.

तुझी चार पत्रं सोबत पाठवतेय. त्यांना गुण देत नाही. बाकीची माझी आहेत, ती मिळणार नाहीत. पुस्तकंही आता पाठवू नकोस. दुसऱ्यांनी लिहिलेलं एकमेकींकडे ढकलायचं पुरे झालं. कागद घे आणि तुझ्या वरच्या मजल्यावर खरोखर कोण राहतं ते मला लिही. अकरा ओळी चालणार नाहीत. दोन पानं तरी हवीत, तुझ्या स्वतःच्या अक्षरात. ते कसं दिसतं हे मी विसरत चाललेय.

पाच वर्षं दर महिन्याला तुझ्या नावाने सही केली. आज माझ्या नावाने करतेय, तर हात अडतोय.

तुझीच,
ताई