पाळीपत्रक कोण लिहितो

सांगली
सोम. ११ फेब्रु. १९७४
पूर्वपरीक्षेचे गठ्ठे संपले एकदाचे. बहुतेकांनी माझ्याच नोट्स मला परत केल्यात, चुका वाढवून. प्र. ४ : आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या तीन दृष्टिकोनांची तुलना करा. एकच उत्तर वाचताना ताठ बसले. शिवराम मानेचं. फौजेतून हवालदार म्हणून परत आलेला, पस्तिशीत बी.ए. करतोय, मागच्या बाकावर बसतो. त्याने देश बाजूला ठेवले आणि आष्ट्याजवळच्या आपल्या गावची उपसा पाणी योजना घेतली. वास्तववादी म्हणणार, ज्याचं शेत पाटाच्या तोंडाशी तोच आधी पाणी घेणार, त्याला अडवणारा कोणी नाही. उदारमतवादी म्हणणार, पाळीपत्रक करा, ठरल्या दिवशी ठरल्याला पाणी, सगळ्यांचाच ऊस येईल. मार्क्सवादी विचारणार, पाणी उपसणारं इंजिन कोणाच्या ताब्यात, आणि पाळीपत्रक लिहितो कोण? खाली स्वतःचं मत : दुसरं खरं, पण नदीला पाणी आहे तोवर. उन्हाळ्यात तिसरं.
वीसपैकी सोळा. इथे सोळा कोणी देत नाही.

गुरु. १४ फेब्रु.
चांगलं उत्तर नोटीस बोर्डावर लावायची आमच्या विभागाची पद्धत. लावलं. नावासकट, गावासकट.

मंगळ. १९ फेब्रु.
विभागप्रमुख पाटणकरांनी बोलावलं. त्या पाणी योजनेचे चेअरमन आमच्या कॉलेजच्या मंडळावरही आहेत, हे आज कळलं. दोन वर्षं इथे शिकवतेय. तेलवाले देश, विषम व्यापार, सगळं तोंडपाठ, आणि आपला पगार कोणाच्या सहीने निघतो ते ठाऊक नाही. अक्कल गहाण ठेवली होती.
पाटणकर म्हणे, तुलना पुस्तकातल्या उदाहरणांनी करायची असते. पुस्तकात युरोप, म्हणून युरोप. गावातली सत्ता ही सत्ता नाही का, विचारलं तर पेपरवेट फिरवत बसले. बोर्डावरचं उत्तर त्यांनीच काढून टाकलंय. संताप नुसता.

शनि. २ मार्च
मानेची परवाची पाणीपाळी गेली. दर दहा दिवसांनी येते ती. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याने सांगितलं, पत्रकात नाव नाही. माने बोलला नाही, त्याच्या गावच्या मुलीने वर्गाबाहेर सांगितलं. आता पुढची पाळी रविवारी, दहा तारखेला. तीही चुकली तर उभा ऊस हातचा जाईल. मी लावलेल्या कागदापायी.

सोम. ४ मार्च
प्राचार्य. गोड बोलले. मी फक्त एक पत्र द्यायचं : सदर उत्तर शास्त्रीयदृष्ट्या चुकीचं आहे, गुण नजरचुकीने दिले. मला कायम करण्याचा विषय याच महिन्यात मंडळापुढे आहे, याचीही आठवण दिली. आणि मानेचं पाणी म्हणे आपोआप मार्गी लागेल. म्हणजे पाट इथून, या खुर्चीतून सुटतो आणि बंद होतो. श्रीमंत देश अटी घालून मदत कशी करतात, हे मी गेल्याच आठवड्यात शिकवलं. वर्ग पेंगत होता. मीही पेंगतच होते बहुतेक.

बुध. ६ मार्च
पत्र लिहिलं. सही बाकी. स्वतःला सांगितलं, मानेच्या उसासाठी. निम्मं खोटं. नोकरी मलाही हवीय.

गुरु. ७ मार्च
मानेला गाठून पत्र दाखवलं. वाटलं होतं, त्याला हायसं वाटेल. उभ्यानेच वाचलं त्याने.
"बाई, म्या लिवलेलं चूक हाय का?"
नाही म्हटलं.
"मग ह्ये कशापायी?"
मी उसाचं बोलले. तो चिडला नाही, म्हणून मीच चिडले. म्हणाला, सरहद्दीवर एक चौकी सोडली की समोरचा थांबत नाही, पुढची मागतो. तुम्ही शिकवलेलं पहिलंच मत हे. मी म्हटलं, माने, तिथे तुमच्या हातात बंदूक होती, इथे काय आहे? त्याने पत्राची घडी घालून मला परत दिलं. मग म्हणाला, रविवारी तो, बायको आणि पाळी चुकलेले आणखी काही जण इंजिनघरापाशी जाऊन बसणार.
"पत्रक वाचून दावा म्हननार. कुनी लिवलं त्येबी सांगा म्हननार."
मी येऊ का, विचारलं. नको म्हणाला. "तुमी आला तर म्हनतील, बाईनंच शिकवलंय."

शनि. ९ मार्च
शिपाई घरी येऊन गेला. पत्र सोमवारी दहाच्या आत. आई म्हणते, एका सहीने कोणाचं काय बिघडतं. तिच्यावर ओरडले, मग वाईट वाटलं.
पुस्तकं काढून बसले. तिन्ही मतं राष्ट्रांचं सांगतात, बाजाराचं सांगतात, वर्गांचं सांगतात. सही मागितलेल्या बाईने काय करावं, ते एकातही नाही. फेकून द्यावीशी वाटली. दिली नाहीत, लायब्ररीची आहेत.

रवि. १० मार्च, सकाळ
सही केलेली नाही. पत्र फाडलेलंही नाही. इंजिनघरापाशी माझं काय काम, माने म्हणतो ते बरोबरच आहे. पण शिकवलंय ना मी. म्हणू देत.
आष्ट्याची एस.टी. नऊला आहे. पत्र पर्समध्ये आहे, पेनही.