राहण्याजेवणाची सोय केली जाईल

८ जुलै
इंग्रजीच्या सरांची बदली झाली. मुख्याध्यापक (मु.अ.) म्हणाले, नवीन माणूस येईपर्यंत नववीचं इंग्रजी तुम्ही घ्या. मी इतिहासवाला. बी.ए.ला इंग्रजी कसंबसं काढलेलं. "हो" म्हणून बसलो. नाही म्हणायचं धाडस कधी झालंय?
घरी बायकोला, वंदनाला सांगितलं. ती हसायलाच लागली. "तुमले तरी येस का इंग्रजी?"


११ जुलै
पहिला धडा वाचला. वर्ग गप्प. मुलींची शाळा; घरी त्या इथली आदिवासी कोकणी बोलतात, मराठीच त्यांची दुसरी भाषा, त्यावर हे. प्रश्न विचारला की सगळ्या माना खाली. एकीनं जरी मला उलट प्रश्न विचारला असता तर काय केलं असतं?
नवापूर स्टँडवर चहा घेताना बिस्किटाचा पुडा हातात. त्यावर 'नाऊ विथ मोअर मिल्क'. पूर्वीपेक्षा जास्त दूध. हे तर मला समजावता येईल!

१६ जुलै
मुलींना रॅपर आणायला सांगितले होते. तेल, डासांची अगरबत्ती, वेफर्स, शाम्पूच्या पुड्या, कोंबड्यांच्या खाद्याचं पोतंसुद्धा (एकीचे वडील पोल्ट्रीत आहेत). 'इथे फाडा', 'वापरण्यापूर्वी हलवा', 'मुलांपासून दूर ठेवा' या सगळ्या आज्ञा. इंग्रजीत क्रियापद सुरुवातीलाच. रंजना म्हणाली, "सर, इंग्रजीत पाकीट पण हुकूम सोडतं." वर्ग खदखदून हसला. पहिल्यांदाच.
शेजारच्या वर्गावरचे सर दारातून म्हणाले, "कचरा वेचताय की शिकवताय?" मु.अ. जवळच होते. घड्याळ बघून पुढे गेले. तेच जास्त लागलं. २८ तारखेला शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणारेत म्हणे.

२४ जुलै
कर्मणी प्रयोग. काल मोबाइलवर व्हिडिओ तीनदा पाहिला, तरी 'बीइंग'पाशी अडकतोच.
रंजनानं एक पत्रक आणलं होतं, चिंचपाड्याच्या बाजारात वाटलेलं. पॅकिंगसाठी मुली पाहिजेत, सुरतेकडे. खाली इंग्रजीत : 'फूड अँड स्टे विल बी प्रोव्हायडेड. यू विल बी पिक्ड अप फ्रॉम होम.' मी खूश. आयतं उदाहरण! दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहिली. राहण्याजेवणाची सोय केली जाईल. तुम्हाला घरून नेलं जाईल.
रंजना उठली. "सर, तुम्ही सांगितलं, करणारा 'बाय' म्हणजे 'कडून' लावून येतो. इथं 'बाय' नाहीच."
म्हटलं, कधी कधी गाळतात.
"कधी?"
"करणारा माहीत नसला की. नाहीतर सांगायचा नसला की..."
पत्रक पुन्हा हातात घेतलं.
तास संपल्यावर ती दाराशी उभी. "सर, माझी बहीण सोमवारी तिकडं जातेय."

२५ जुलै
पत्रकावरच्या नंबरवर फोन केला.  माणूस गोड बोलला. "सर, टेन्शन मत लो. गाड़ी घर तक आएगी." पत्ता विचारला. "पता क्या करना है? गाड़ी आएगी ना." कंपनीचं नाव विचारलं तर रेंज गेली. खरंच गेली असेल.
वंदना : "सुरतले काय कमी पोऱ्या जातीस का? मन्ही मावशीनी पोर तठेच शे. चांगली शे. तुम्ही कशाले मझार पडतस?"
मी मध्ये कशाला पडायचं? तिचंही खरं आहे. किती जणी जातात, नीट राहतात, सणाला येतात. काम खरं असलं आणि माझ्यामुळं गेलं तर? एका 'बाय'वरून कोणाच्या पोटावर पाय द्यायचा का?

२७ जुलै, रविवार
शाळेच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका ताईंना घेऊन रंजनाच्या पाड्यावर गेलो. भाताची लावणी चाललेली, आई चिखलातूनच आली. बहीण सुमित्रा, बारावी झालेली. पिशवी भरून ठेवलेली दिसली.
रंजनानं आईला पत्रक वाचून दाखवलं. एक ओळ इंग्रजीत, मग कोकणीत. मला त्यातलं फक्त 'बाय हूम', कोणाकडून, एवढंच कळत होतं. ते ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.
सुमित्रा माझ्याकडे वळली. "सर, इथं काम द्याल का तुम्ही?"
मी पत्रकावरचा नंबर तिच्यापुढे धरला.
मग तिनं स्वतःच फोन लावला, स्पीकरवर. रंजना कानाशी कुजबुजत होती आणि सुमित्रा इंग्रजीत विचारत होती. कंपनीचं नाव काय? सोय कोण करणार? माणूस आधी हसला. मग म्हणाला, इतने सवाल करने वाली लड़की नहीं चाहिए. ठेवून दिला. थोड्या वेळानं त्याचाच परत फोन. नरम. आधार कार्ड साथ लाना, बस.
निघालो तेव्हा पिशवी तशीच दाराशी.

२८ जुलै
रंजना गैरहजर.
साहेब आले. मी काय शिकवलं, देव जाणे. साहेबांनी तेलाची बाटली हातात घेऊन एकीला वाचायला लावली, तिनं वाचली, अर्थही सांगितला. "चांगलंय," म्हणाले. मु.अ. हसले. मी दाराकडे बघत होतो.

२९ जुलै
रंजना आली. सुमित्रा गेली नाही!
गाडी आली होती. सुमित्रानं त्या माणसाला म्हटलं, पत्ता लिहून द्या, माझी आई जपून ठेवील. तो म्हणाला, बसायचं तर बस. ती नाही बसली. आता घरात सगळ्यांवर चिडते. हातचं काम गेलं म्हणते.
बरं वाटलं. क्षणभरच.
"सर, पलीकडच्या पाड्यावरच्या दोघी त्याच गाडीत बसल्या," रंजना म्हणाली. "त्या मराठी शाळेतून सातवीलाच निघालेल्या. त्यांना वाटलं, इंग्रजीत छापलंय म्हणजे मोठी कंपनी असेल."

३१ जुलै
पोलीस पाटलांना भेटलो. चांगला माणूस, पण म्हणाला, "सर, तक्रार कशाची लिहू? पोरी राजीखुशीनं गेल्यात." बरोबर ठाण्यात मात्र आला. हवालदारानं पत्रकाची झेरॉक्स ठेवून घेतली. त्या माणसाचा नंबर बंद.
मुली अठराच्या आहेत का, यावर दोन्ही घरं वेगवेगळं सांगतात.

२ ऑगस्ट
दोघींपैकी एकीचा फोन लागला. पोलीस पाटलाच्या ओट्यावर आम्ही सगळे : तिची आई, सुमित्रा, रंजना, मी. पोरगी म्हणाली, बरी आहे, जेवण मिळतं, काळजी करू नका. आईनं डोळे पुसले.
सुमित्रानं विचारलं, "कुठं आहेस?" मागून कोणीतरी हळू बोललं. मग पोरगी म्हणाली, "सुरतला." पुन्हा विचारलं, सुरतेत कुठं? पुन्हा मागून तो आवाज. टीव्हीही असू शकेल. फोन कट.
आईनं मला विचारलं, "बरं आहे ना, सर, आता?"
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी इतिहासाचा मास्तर. मला काय माहीत.
"पत्ता नाही, तरी उद्या सुरतेला जाऊन पॅकिंगच्या कारखान्यांत विचारून येऊ," म्हटलं. पोलीस पाटलानं टोपी डोक्यावर चढवली. मग, "येतो."
सुमित्रा उठली. "मीही येते. त्या मला ओळखतात, माझा आवाज ऐकला तर बाहेर येतील."
वंदनाला अजून सांगितलेलं नाही.