पाठ टेकल्यावर

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
२ जानेवारी २०२६

ती. आबांस,
तनुजाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हांला ऐकू जात नाही, आणि धाकट्या विशूची ही गोष्ट शेजारच्या सोमनाथकाकांना तुमच्या कानात ओरडून सांगायला लावणं मला बरं वाटलं नाही, म्हणून लिहिते. शाळेच्या आधी तालमीच्या ओट्यावर तुम्हीच मला अक्षरं गिरवायला लावलीत, आणि डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं असंही शिकवलंत. तसंच लिहिते.

विशू रविवारी पिंजऱ्यात उतरला होता. बीड बायपासला एका लॉन्सवर, जिथं एरवी लग्नं लागतात, तिथं जाळीचा पिंजरा उभारून एमएमएच्या, म्हणजे लाथा, बुक्क्या, कुस्ती सगळं चालतं अशा लढती ठेवल्या होत्या. मला आदल्या दिवशी कळलं. आबांना सांगू नको अशी त्यानं शपथ घातली. मी ती घेतली नाही, पण तुम्हांला कळवलंही नाही.

समोर सिल्लोडचा अफरोज होता. विशूनं ढाक लावून त्याला असा आपटला की दोन्ही खांदे टेकले. आणि आबा, विशू उठला. तुम्ही शिकवलंत तसा अंगावरून उठला, एक हात वर केला, पंचाकडे बघितलं, आणि दुसरा हात अफरोजला उठवायला पुढं केला. तिथं पाठ टेकल्यानं काहीच संपत नाही. अफरोज उठला आणि त्यानं विशूच्या डोक्यात लाथ घातली. विशू जागेवर कोसळला.

अख्खं लॉन हसलं. माझ्या पुढच्या बाईनं तर लेकराला नीट दिसावं म्हणून खांद्यावर घेतलं.

भुवईला टाके आहेत. डोळ्याचा पडदा शाबूत आहे, पण इतक्यात तिथंच परत मार बसला तर डोळ्याची खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाले. आणि आयोजकांनी त्याला १ फेब्रुवारीची लढत दिली आहे! व्हिडिओ सगळीकडे फिरतोय, पोस्टरवर विशूचा हात वर केलेलाच फोटो आहे. त्यांना पैलवान नकोय, त्यांना तो हात हवाय. परत कर आणि परत मार खा. आणि हा मूर्ख हो म्हणून बसला. लोकांचं हसू पुसायचंय म्हणतो.

अफरोजचा दोष मी धरत नाही. नियमात बसतं तेच त्यानं केलं. दवाखान्यात मोसंबी घेऊन आला होता. भाई चेष्टा करतोय असं वाटलं म्हणाला, आणि खाली मान घालून बसला.

तुमच्या एका शब्दानं विशू थांबेल. तो शब्द लिहून पाठवा. आईला टाक्यांचं कळू देऊ नका.

आशीर्वाद मागायची ही वेळ नव्हे, तरी मागते.
आपली,
तनुजा


पैठण
७ जानेवारी

चि. तनुजास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. मी वाचत होतो तेव्हा तुझी आई मागून वाचत होती. तुझं अक्षर एवढं मोठं, मी तरी काय करू? टाक्यांचं कळलं तिला.

विशूनं काय चूक केली ते मला सांग. गडी पाडला, पाठ लागली, कुस्ती झाली. पडलेल्याला हात द्यायचा, हे मी त्याला दुधाचे दात असताना शिकवलं. हसणारे हसले तर त्यांच्या घरात वळण नाय.

तू शाळेत असताना हातमोजे घालून बुक्क्या मारायला लागलीस तेव्हा मी लई बोललो होतो. तेव्हा तू मलाच बॉक्सिंगचं शास्त्र सांगितलंस. मारामारी ती मारामारी. आता भाऊ त्याच वाटेनं दोन पावलं पुढं गेला तर बापाकडं शब्द मागतीस व्हय? जाळीत कोंबडे झुंजवतात, पैलवान नाय.

मी मनाई करणार नाय. मिसरूड फुटलेल्याला कान धरून आणायचं नसतं. पण मी तिथं येणारही नाय. आणि तो पिंजऱ्यात परत उतरला तर माझ्या तालमीच्या मातीला त्याचा पाय लागू देणार नाय. हे त्याला वाचून दाखव.

तुझी आई म्हणते, पोराला आधी दोन दिवस इथं पाठवा, मग बापलेकांनी काय भांडायचं ते भांडा.

चिडलो असलो तरी तुझाच बाप,
कारभारी


गारखेडा
२० जानेवारी

ती. आबांस,
नमस्कार. आज शिरसाष्टांग लिहायला हात वळत नाही.

तुमचं पत्र वाचून दाखवलं. ते ऐकून विशू म्हणाला, ताई, म्हणजे आता मला पिंजराच उरला. तुमच्या शब्दानं तो थांबेल असं मी म्हटलं होतं. तुमच्या शब्दानं तो आणखी हट्टाला पेटला.

आणि बॉक्सिंग म्हणजे मारामारी नव्हे. आमच्याकडं माणूस पडला की मारणाऱ्याला लांबच्या कोपऱ्यात पाठवतात आणि पंच आकडे मोजतो. पिंजऱ्यातही पंच असतो, जमिनीवर थोपटून हार कबूल केली की सोडावं लागतं, हे मी नाकारत नाही. ती पोरंही तुमच्या पठ्ठ्यांइतकाच घाम गाळतात. त्यांना कोंबडे म्हणायचा तुम्हांला अधिकार नाही. माझा राग बघणाऱ्यांवर आहे, बोलावणाऱ्यांवर आहे, आणि तुमच्यावर आहे.

विशू मला म्हणाला, माझी ती उठायची सवय तूच मोड. मी पोरींना बॉक्सिंग शिकवते त्या हॉलमध्ये गाद्या टाकल्या. त्यानं मला पाडायचं, छातीवर बसायचं आणि मारायचं, असं ठरलं. त्यानं पाडलं, उठला आणि हात दिला. परत पाडलं, परत हात. शेवटी मी पडल्या पडल्या ओरडले, मार की रे बैला, डोळा जाईल तुझा! तेव्हा तो बसला आणि त्यानं मारलं. माझा गाल आतून फाटला. रक्त बघून तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. माझी मी उठले. आबा, तो हात द्यायला विसरला.

तुम्ही इतक्या वर्षांत जे घडवलंत ते मी एका संध्याकाळी मोडलं. माझ्याशिवाय दुसरं कोण होतं? तुम्ही पैठणला बसून शिस्त सांगत होतात. पडलेल्याला हात द्यायचा हे शिकवलंत, चांगलं केलंत. पण समोरच्याला ते ठाऊकच नसेल तर काय करायचं, हे का नाही शिकवलंत? तुम्हांला तुमची शिकवण प्यारी की त्याचा डोळा?

मनाई करायला येऊ नका, ती वेळ गेली. बघायला या. तुमच्या मुलाचं काय झालंय ते डोळ्यांनी बघा आणि मग मातीच्या गोष्टी करा.

लोभ मागत नाही, फक्त या.
तनुजा


पैठण
४ फेब्रुवारी

चि. तनुजास,
अ. उ. आ.

सुखरूप पोचलो. एसटीत बसायला जागा मिळाली.

दुसऱ्याच्या पोरींना बुक्क्या शिकवतीस आणि भावाची लढत सुरू झाली तर ओढणी डोळ्यांवर! शेवटपर्यंत काढली नाहीस. मग विशूही घाईनं निघून गेला, आपलं बोलणं झालं नाय. म्हणून तू जे बघितलं नाय ते लिहितो.

जालन्याचा तो गडी विशूनं पहिल्या झटक्यात पाडला. लगेच सगळं लॉन एक हात वर करून नाचायला लागलं, विशूची नक्कल. विशू छातीवर बसला. मूठ उगारली. मी खुर्ची घट्ट धरली. त्यानं मूठ तशीच ठेवली, मग खाली घेतली आणि उठला. पण या वेळी हात वर केला नाय, पंचाकडं बघितलं नाय. गड्यावरची नजर न काढता मागं सरला, दोन्ही मुठी डोळ्यांपुढं बांधल्या, अगदी तुझ्यासारख्या, आणि मानेनं खुणावलं, ऊठ. पंचानंही गड्याला उठवलं. गड्यानं लाथा मारून बघितल्या, सगळ्या विशूच्या हातांवर बसल्या. विशूनं परत पाडलं, परत मागं सरला. शेवटपर्यंत हेच. पाडण्यापेक्षा मारण्याला गुण जास्त, म्हणून हरला. डोळ्याला नख लागलं नाय.

लोक काय ओरडतात म्हणून मी तुला विचारलं. तू ओढणीआडून माझ्या कानात ओरडून सांगितलंस, शिट्ट्या वाजवतायत. तू खोटं बोलत नाहीस, शिट्ट्याही असतील. पण माझे कान गेलेत, डोळे नाय. पाण्याच्या बाटल्या जाळीवर येताना दिसत होत्या. तोंडं वाकडी झालेली दिसत होती. आयोजक तर हात झाडत निघून गेला, आता विशूला बोलवत नाय तो. लई चिडले होते सगळे. एकही माणूस हसत नव्हता. एवढं बघायला मी आलो होतो असं समज.

विशूला सांग, शेवटची ढाक लावताना डावा पाय उशिरा आला. असला पाय घेऊन माझ्या तालमीतून अजून कोणी बाहेर गेलेलं नाय. तो दुरुस्त करावा लागेल, आणि ते मातीतच होतं. शनिवारी पाठव.

समोरच्याला ठाऊकच नसेल तर काय करायचं, असं तू विचारलं होतंस. मला कोणी ते शिकवलं नव्हतं, म्हणून मी शिकवलं नाय. विशूबरोबर तूही ये आणि आपल्या पोरांना ते मुठी बांधून मागं सरायचं दाखव. हात द्यायचं मी शिकवीन.

गाल भरला का ते कळव. आईला त्यातलं काही कळलेलं नाय, ते पत्र मी गोठ्यात जाऊन वाचलं.

तुझ्यावर राग धरून बघितला, टिकला नाय. येताना ते हातमोजे आण.

तुझा बाप,
कारभारी