सुधारल्याचा अर्ज

नाशिक रोड,
दि. १० जून २००३

चि. सौ. सुवर्णास अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तुला येता येत नाही, म्हणून माहेरानंच कॅनडाला यावं, हे तुझ्या आईला एकदम पटलं. तिनं लाडवांसाठी डिंकसुद्धा आणलाय. घोडं अडलंय माझ्यापाशी. व्हिसाच्या अर्जात विचारलंय, कधी गुन्ह्यात शिक्षा झाली होती का. एजंट म्हणाला, खुशाल नाही लिहा, तिकडे कुणाला कळतंय. अगं, सहा वर्षांपूर्वी एका निरोप समारंभातून मी झिंगून स्कूटरवर निघालो आणि भर बाजारात नवसाबाईंच्या झेंडूच्या ढिगात घुसलो, हे एकलहऱ्यापासून सायखेड्यापर्यंत कुणाला ठाऊक नाही? बिचारीचा हात मोडला. वीज केंद्रात जन्म घालवलेला हा गडी स्वतःच्या स्कूटरचा दिवा लावायला विसरला होता. मी होय लिहिलं.

आता एजंट म्हणतो, तिथल्या कायद्यानं माणूस आपोआप सुधारायला दहा वर्षं लागतात. आधीच सुधारला असेल तर तसा अर्ज करावा लागतो. सुधारल्याचा अर्ज करणारा आपल्या घराण्यातला मी पहिलाच.

ललितरावांना आशीर्वाद. होता तेवढा लोभ तरी राहू दे.

तुझा,
अण्णा

ब्रॅम्प्टन,
दि. ४ जुलै २००३

ती. अण्णांस शि. सा. न.

ललित म्हणतो, सासऱ्यांची कीर्ती सातासमुद्रापार पोचली. मला मात्र हसू आलं नाही. तुम्हाला चौकीतून घरी आणलं, तेव्हा तुमच्या केसांतल्या पाकळ्या मीच वेचल्या होत्या. मग महिनाभर तुमच्याशी बोललेही नाही. पण आता पोटातलं बाळ लाथ मारतं तेव्हा आईच्या आधी तुमची आठवण येते. खरं लिहिलंत ते बरं केलंत. आता चांगल्या वर्तणुकीची पत्रं जोडा, चांगली साहेबलोकांची घ्या. काहीही करा, पण या.

आईला नमस्कार. लोभ आहेच, तो घेऊन स्वतः या.

आपली,
सुवर्णा

नाशिक रोड,
दि. ८ ऑक्टोबर २००३

चि. सौ. सुवर्णास अनेक आशीर्वाद.

साहेबांनी पत्र दिलं. त्यातला सालस, निर्व्यसनी गृहस्थ कोण, हे मलाच ओळखू येईना. मग म्हटलं, मी सुधारलो की नाही हे जिचा हात मोडला तिलाच विचारावं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिच्या टोपल्या वाहायला जातोच. तो हात अजून वजन पेलत नाही. तिनं सांगितलं ते शब्दशः लिहून घेतलं. यानं माझा हात मोडला. तवापासून दर दसऱ्याला टोपल्या वाहतो. तोंडाला वास नाय. मानूस चांगला हाय, पन याला स्कूटर देऊ नका. खाली तिचा अंगठा.

इंग्रजी करून मी ते जसंच्या तसं जोडलं. एजंटनं कपाळाला हात लावला. तुझ्या आईचा व्हिसा आलाय, ती एकटीच निघते आहे. विमानात लाडू मांडीवर घेऊन बसणार म्हणते. मला फार वाईट वाटतंय, पोरी.

तुझा,
अण्णा

ब्रॅम्प्टन,
दि. २ डिसेंबर २००३

ती. अण्णांस शि. सा. न.

मुलगी झाली, हे आईनं फोनवर सांगितलंच. नाक तुमचं आहे, त्याला इलाज नाही. इथल्या कागदांवर तिचं नाव घातलंय, पण बारसं केलेलं नाही. आत्या इथं नाही, म्हणून कानात नाव तुम्हीच सांगायचं. आई चिडलीय, बारावा दिवस कधीच उलटला म्हणते. तोवर ती नुसती बाळी. तुम्ही येईपर्यंत बाळीच राहील.

आपली,
सुवर्णा

नाशिक रोड,
दि. २० जानेवारी २००४

चि. सौ. सुवर्णास अनेक आशीर्वाद.

परवानगी मिळाली! एका खेपेची आहे, पण आहे. दिल्लीला मुलाखतीत साहेबानं विचारलं, या नवसाबाई तुमच्या कोण. मी सांगितलं, फिर्यादी. त्यानं ते पत्र पुन्हा वाचलं, हसला आणि गाडी चालवणार का म्हणून विचारलं. मी म्हटलं, तिथं सायकलसुद्धा नाही.

नवसाबाईंना सांगायला गेलो तर त्यांनी बारशाला म्हणून झेंडूची माळ गुंफून दिली. लेकीच्या गाडीत मागं बस म्हणाल्या. एजंट सांगतो, ताजी फुलं तिकडे नेता येत नाहीत. म्हणजे बघ, झेंडूला मज्जाव आणि त्यात घुसलेल्याला परवानगी. माळ इथंच आपल्या दाराला बांधून निघतोय.

बाळीला सांग, आजोबा येतोय. विमान दुसराच कुणी चालवणार आहे, काळजी नसावी.

तुझा,
अण्णा