रेवाच्या पाहुण्यांसाठी मोजितो चीज

शनिवार, नाताळची सुट्टी. संध्याकाळ

डोकं अजून तापलंय. शेजारच्या रेवाला बघायला पुण्याचा मुलगा आला, आणि खायला केलं कुणी? मी!

दुपारी तिची आई दारात. “मन्या, कॉलेज सोडून कॅफेत ते मोजितो करतोस की, तसलंच कायतरी पाहुण्यांना कर. पोहे काय, सगळेच करतात.” मी हो का म्हणालो? तिच्या घरात जायला मिळणार होतं. दुसरं काय.

त्यांच्या स्वयंपाकघरात चीजचे चौकोन कापले. त्यांना मोजितो सरबतातलाच पुदिना, लिंबू, चिमूटभर साखर, वर हिरवी मिरची. चीज मुळातच खारट, मीठ लागतच नाही. तरी मूठभर मीठ हातात घेतलं. ताटली ‘आमच्या मुलीनं केलंय’ म्हणूनच बाहेर जाणार. बिघडली तर तो नाही म्हणेल. पण मान खाली रेवाला घालावी लागेल. मीठ मुठीत धरून तसाच उभा. तिनं नुसतं म्हणावं, मला नको हे स्थळ. मग ताटलीच भिंतीवर मारली असती.

ती आली. एक तुकडा तोंडात टाकला. “लई भारी झालंय रे! कसं केलंस सांग की पटकन. पुढं मला करावं लागंल.”

पुढं. म्हणजे पुण्यात.

मीठ डब्यात टाकलं आणि सगळी कृती सांगितली. ती ताटली घेऊन गेली. बाहेर पडायची वाट बैठकीतूनच, म्हणून मी ओट्यापाशी अडकलो. सगळं ऐकू येत होतं.

“मस्तच! कुणाकडून शिकलात?” तो म्हणाला.

“आईकडून.”